सुधारित आवृत्ती आणि कंपाउंडर

कंपाउंडर व्हिडिओ गेममधल्या राक्षसांची तब्येत बघायचे. लढाई संपली की चष्मा कपाळावर चढवायचे, हातातला छोटा गेम नाकाशी आणायचे आणि म्हणायचे, "याचा चेहरा उतरला गा. चाल, दवाखान्यात." मग अख्खं जंगल उलटं चालून ते गेममधल्या गावातल्या दवाखान्यात जायचे, राक्षसाला बरं करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून जंगलात शिरायचे. जे जंगल मी एका बैठकीत पार केलं होतं, त्यात ते पंधरा दिवस फिरत होते. त्यांचा एकही राक्षस कधी बेशुद्ध पडला नाही. माझे निम्मे कायम आडवेच असायचे.

ते खरोखरचे कंपाउंडर होते. कन्हानला एका डॉक्टरांच्या हाताखाली उभा जन्म पुड्या बांधण्यात गेला. बायको गेल्यावर मुलाकडे मनीषनगरला आले, ते आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर. मुलानं कधीतरी हौसेनं घेतलेला गेम ड्रॉवरमध्ये पडून होता. थर्मामीटर शोधताना तो कंपाउंडरांना सापडला. रानात हिंडायचं, नाना जातींचे राक्षस पकडायचे, त्यांना वाढवायचं, लढवायचं आणि सगळ्या जाती गोळा करायच्या, असा तो खेळ. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, सीताबर्डीतल्या एका ऑफिसात फायली सरकवतो आणि या भूतलावर मला अधिकारवाणीनं बोलता येईल असा हा गेम एवढा एकच विषय आहे. त्यामुळे जिन्यात त्यांच्या हातात तो दिसला, तेव्हा मला शिष्य मिळाल्याचा आनंद झाला.

शिष्य मात्र माझं काही ऐकत नसे. मी माझ्या राक्षसांना वज्र, प्रलय, महाकाळ अशी नावं दिली होती. कंपाउंडरांनी कन्हानचे पेशंट आठवून दिली. एकाचं नाव खोकलेवाले गुरुजी, एकाचं पोटदुखी, आणि आग ओकणाऱ्याचं ॲसिडिटी. या ॲसिडिटीनं माझ्या प्रलयाला तीन फटक्यांत लोळवलं. मी हरण्याची कारणं सविस्तर समजावून सांगू लागलो, तर म्हणाले, "ताकदीचं काही नाही बापू. त्याले येळेवर खाऊ घालत जाय."

हा गेम दोन तऱ्हांत निघाला होता. काही राक्षस फक्त त्यांच्या गेममध्ये सापडत, काही फक्त माझ्या, म्हणून अदलाबदल करावी लागे. शिवाय मातीचा गोळा नावाचा एक राक्षस होता. तो कितीही लढला तरी गोळाच राहायचा. दुसऱ्या खेळाडूच्या हाती गेला, तरच त्याचा पहाडाएवढा राक्षस व्हायचा. दोन्ही गेम शेजारी धरल्याशिवाय ही देवघेव होत नसे. म्हणून दर रविवारी सकाळी कंपाउंडर गुडघे धरत तीन मजले चढायचे. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट 'बंद आहे' ही पाटी टांगण्यासाठीच बसवली आहे. ते खुर्चीत टेकायचे, धाप ओसरली की म्हणायचे, "घे, माह्या पोराले सांभाळ जरा." अदलाबदल मिनिटभरात उरकायची. मग तर्रीपोहे व्हायचे, चहा व्हायचा, कन्हानच्या गोष्टी व्हायच्या आणि बारा वाजायचे. ते गेमसाठी येतात अशी माझी समजूत होती. ऑफिसात मला कोणी हुशार का म्हणत नाही, ते यावरून कळेल.

मग त्या गेमची नवी आवृत्ती निघाली. पाठ्यपुस्तकाची सुधारित आणि वाढीव आवृत्ती निघते तशी. गोष्ट तीच, पण नवं बेट, नवे राक्षस, दुष्ट टोळीला थोडी जास्त अक्कल. मी दोन मागवल्या, एक त्यांच्यासाठी. शिवाय दोन रात्री जागून जुन्या-नव्यातल्या सदतीस फरकांची यादी केली. ती मागितली कोणीच नव्हती. रविवारी कंपाउंडर टेकताच त्यांची नवी आवृत्ती मी त्यांच्या गेममध्ये घालून दिली आणि यादी वाचायला सुरुवात केली.

"आता दवाखान्यात जायला नको काका, उभ्या जागी राक्षस बरा होतो."

"मंग तो दवाखाना बंद केला का?"

"आहे, पण कोणी जात नाही."

"हं," ते म्हणाले.

चालण्याचा वेग दुप्पट, दोन्ही तऱ्हांचे राक्षस एकातच, असं करत मी बाविसाव्या फरकाशी आलो. तो माझा लाडका होता. आवाज चढवून वाचला, "मातीचा गोळा वाढवायला आता दुकानात दगड मिळतो. तो लावला की झालं. आता दुसऱ्या माणसाची गरजच नाही!"

 कंपाउंडर गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "बरं झालं. चालतो गा मी."

"अजून पंधरा आहेत, काका."

"ऐकन मंग कधी," म्हणाले. पोहे तसेच राहिले. मला वाईट वाटलं ते उरलेल्या पंधरा फरकांचं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलले का त्यायले?" मी म्हटलं, काही नाही गं, या वयात नवीन गोष्ट झेपत नाही, बिचारे. मला त्यांची कीव आली, हे लिहिताना आज कान लाल होतात. इकडे मी झपाट्यानं सगळे राक्षस गोळा केले. कोणाची मदत लागली नाही. शेवटची जात मिळाली, स्क्रीनवर आतषबाजी झाली, आणि ती दाखवायला घरात कोणी जागं नव्हतं.

सकाळी मीच खाली गेलो. दारात खोकी बांधून ठेवलेली. मुलाची बदली झाली होती, चार दिवसांत हैदराबादला निघायचं होतं. कंपाउंडर खोक्यांमध्ये बसून खेळत होते. मी वाकून पाहिलं. गेममधल्या दवाखान्याबाहेर ते उभे होते, आणि सोबत मातीचा गोळा. त्याला इतकं वाढवलं होतं की माझा महाकाळ त्याच्यापुढे उभा राहिला नसता, पण होता गोळाच. पिशवीत दगडही होता.

"काका, दगड आहे की. लावला काहून नाही?"

त्यांनी गेम खाली ठेवला. "तीन मजले चढाले काही निमित्त लागते ना बापू. म्हाताऱ्या माणसानं रिकामं कोणाच्या घरी जाऊन बसू नये. गोळा होता तं बरं होतं. मंग तूच वाचून दाखवलं, आता कोणाची गरज नाही म्हणून."

 मी वर पळालो आणि माझा गेम घेऊन आलो. "द्या इकडे," म्हटलं. नव्या आवृत्तीत अदलाबदलीनं काही होणार नाही अशी माझी खात्री होती. सदतीस फरक लिहिले होते, पण काय तसंच राहिलं आहे ते एकदाही तपासलं नव्हतं. गोळा माझ्याकडे आला, थरथरला, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत पहाडाएवढा झाला. जुनी वाट उघडीच होती. कंपाउंडर खोकला येईपर्यंत हसले. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

डोळे पुसून मी तो परत पाठवायला बटण दाबणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. "राहू दे तुह्याजवळ. न्यायले येईन मी."

याला वर्ष होत आलं. अधूनमधून त्यांचा फोन येतो. "पोरगं बरं आहे ना?" एवढं विचारतात. नव्या आवृत्तीत इंटरनेटवरून घरबसल्या कुठूनही कुठेही राक्षस पाठवता येतो. वाचायच्या राहिलेल्या पंधरा फरकांत तोही एक होता. मी तो त्यांना अजून सांगितलेला नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच मला माहीत असलेली एक गोष्ट मी कोणालाही सांगणार नाही.