मामांना न पटलेला शिक्का

आमच्या सौ.च्या मामांनी जिच्याकडे पाहून नाक मुरडलं नाही अशी वस्तू भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत अजून पैदा व्हायची आहे. भोरच्या कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण लोकांना तुच्छ लेखण्याच्या कामातून त्यांना कोणी निवृत्त केलेलं नाही. एसटी उशिरा आली तर ‘अपेक्षाच नव्हती’, आणि वेळेवर आली तर ‘ड्रायव्हरचं घरी काही काम दिसतंय’. आमच्या लग्नात त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि भाचीला म्हणाले, "चालेल. याहून वाईट पाहिलेत." सासुरवाडीत आजही ही माझी सर्वांत मोठी शिफारस समजली जाते.

पण मामांच्या कुचेष्टेला खरा बहर आला तो अमेरिकेच्या व्हिसामुळे. त्यांची एकुलती एक लेक अपर्णा डॉक्टर; पुढचं शिक्षण तिने अमेरिकेत केलं. तिथे शिकाऊ डॉक्टर म्हणून ती ज्या व्हिसावर गेली होती त्याची अट अशी, की शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतायचं, नाहीतर जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा आडगावात तीन वर्षं नोकरी करायची. अपर्णाने आडगाव पत्करलं. चहूकडे मक्याची शेतं आणि मध्ये एक बैठा दवाखाना. फोनवर हे वर्णन ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे वेल्हंच की! फक्त डोंगर नाहीत. एवढं शिकून वेल्ह्यातच बसायचं होतं तर एसटीनं जायचंस."

मग त्यांनी तो सगळा कायदा वाचून काढला आणि कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानात त्याची रोज सालटी काढू लागले. "हे कलम लिहिणारा माझ्या हाताखाली असता, तर त्याला जन्मभर जुन्या दप्तरावरची धूळ झटकायला बसवला असता. स्वतःकडे डॉक्टर नाहीत म्हणून बाहेरून आणायचे, आणि आणले की चोरासारखे दाराशी उभे करायचे!" एकदा कामथडीचा एक शेतकरी त्यांचा सल्ला घ्यायला आला आणि तासभर अमेरिकेचा कायदा ऐकून बसला. शेवटी बिचारा म्हणाला, "आन् माज्या जमिनीचं?" मामा म्हणाले, "तुझं सोपं आहे रे. तुझा साहेब निदान डोळ्यांना दिसतो."

गेल्या वर्षी मामी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अपर्णा यायला निघाली, तर मामांनीच तिला फोनवर अडवलं. तिचा नोकरीचा नवा व्हिसा तिथल्या तिथे मंजूर झाला होता, पण पासपोर्टावर त्याचा शिक्का नव्हता. एकदा देशाबाहेर पडली की तो मुंबईच्या वकिलातीतून घ्यावा लागणार, आणि मिळेपर्यंत परतीची वाट बंद. "येऊ नकोस. आईपाशी मी आहे," मामा म्हणाले. मामींनी पलंगावरून हात पुढे करून फोन घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "अपर्णा, मला भीती वाटते गं." त्याच आठवड्यात अपर्णा दारात उभी. मामांनी तिच्याकडे पाहिलं, "वाळलीस," म्हणाले, आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मामी काठी धरून चालू लागल्या, पण शिक्का अडकला. वकिलातीतल्या साहेबाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि ‘चौकशी चालू आहे’ एवढंच सांगितलं. आठवड्यांचे महिने झाले. मामा चवताळले. "चौकशी चालू! जन्मभर मीही लोकांना हेच सांगितलं. तेव्हा काय चालू असतं ते मला विचारा. चहा!"

रिकामी बसून अपर्णा पार कोमेजली. तिच्या एका वर्गमैत्रिणीचा वेल्हे तालुक्यातच, विंझरला, छोटा दवाखाना होता. डॉक्टर म्हणून इथली नोंदणी अजून चालू असल्याने ती तिथे जाऊन बसू लागली. "बघू तरी कसला दवाखाना आहे," म्हणून मामाही नसरापूरला एसटी बदलून तिच्यासोबत गेले, आणि पहिल्याच दिवशी रांगेचा ताबा घेतला. खोकणारे एकीकडे, लेकुरवाळ्या सावलीत, आणि मध्ये घुसणाऱ्याला असा काही कटाक्ष, की तो निम्मा तिथेच बरा व्हावा. मी एकदा त्यांना आणायला गेलो होतो. डोंगरावरून आलेली एक म्हातारी सांगत होती, "लई दम लागतोया. पर तुमच्या लेकीनं हात लावला की बरं वाटतंय बगा."

"हात लावून बरं करायला ती काय देवी आहे? गोळ्या वेळेवर घ्या!" मामा खेकसले आणि आपला डबा तिच्यापुढे सरकवला.

परतताना गाडीत त्यांनी रस्त्याची, दवाखान्याच्या पत्र्याची आणि माझ्या गाडी चालवण्याची यथेच्छ निंदा केली. व्हिसाचं नाव काढलं नाही. तो येऊच नये असं त्यांना वाटू लागलं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मग एका संध्याकाळी अपर्णाला तिकडच्या नर्सचा फोन आला. तिचा एक मधुमेही रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जायलाच तयार नव्हता. पायाची जखम चिघळत चालली होती, आणि तो रोज येऊन विचारायचा, डॉक्टर आल्या का.

"काय करतो तो?" मामांनी विचारलं.

"शेती, बाबा. तुमच्याच वयाचे आहेत."

"मूर्ख आहे," मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला सांग, पाय कोरडा ठेव म्हणावं."

अखेर शिक्का मिळाला. मामांनी पासपोर्ट उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "छपाई बरी आहे," एवढंच म्हणाले.

अपर्णा गेल्यावर मी मामांना घेऊन विंझरला गेलो. बायकांनी गराडा घातला. "म्याडम कुठं हायती? कवा येनार?" आता अमेरिकेचा उद्धार होणार म्हणून मी जरा बाजूला सरलो.

"तिकडंही माणसं खोळंबली होती, बाई," मामा हळू आवाजात म्हणाले, आणि आत जाऊन अपर्णाच्या मैत्रिणीला त्यांनी विचारलं, "रांग बघायला कोणी ठेवलंय का तुम्ही?"

आता ते रोज जातात. संध्याकाळी परतले की मामींच्या शेजारी बसतात. दोघांच्या मध्ये फोन असतो. अपर्णाकडे सकाळ व्हायला अजून थोडा अवकाश असतो, तोवर ते कोणालाच नावं ठेवत नाहीत.