चुनेवालीचं कुरण

गावात तिला सगळे चुनेवाली म्हणत, तेही गालातल्या गालात हसत. पण माती तपासणाऱ्या साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, तुमचा माळ आंबट झालाय. चुना टाका, पण घाई करू नका. तुमच्याकडे पाऊस बेताचा, चुना मुरायला दोन वर्षं लागतील."

चुना टाकून दोन वर्षं तिने कळ काढली. तिसऱ्या वर्षी डिंकाच्या पाण्यात भिजवून चुन्याच्या भुकटीत घोळलेलं शेंगवर्गी चाऱ्याचं बी पेरलं, आणि उघड्याबोडक्या माळावर तारेच्या कुंपणाआत चक्क गुडघाभर हिरवळ उठली.

बाहेर मात्र काडी उरली नव्हती. धाकटा भाऊ मेंढ्या राखायचा. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यामुळे रोज चहाच्या वेळी त्याचा एकच धोशा असे, "ताई, फाटक उघड ना."

"अजून नाही," ती म्हणायची. बी धरायला अजून दहा दिवस हवे होते.

त्या सकाळी ती नळावर कपडे पिळत होती. अचानक तिच्या लक्षात आलं, की मेंढ्यांची ओरड थांबलीय. उपाशी मेंढ्या एवढ्या गप्प कशा? कपडे तसेच टाकून ती पळत सुटली.

फाटक सताड उघडं होतं. सगळा कळप हिरवळीत तोंड खुपसून उभा होता, आणि भाऊ दगडावर बसून कौतुकाने बघत होता.

"बघ ताई, कशा तुटून पडल्यात!"

"कधी सोडल्यास?"

"झाला असेल तास."

"रिकाम्या पोटी?"

"मग काय, पंगत बसवून सोडायच्या होत्या?"

समोरची मेंढी चरायची थांबून कण्हत होती. तिची डावी कूस ढोलासारखी फुगली होती.

"बाहेर काढ! सगळ्या बाहेर काढ!"

दोघांनी हाकलून, ओढून, ढकलून कळप बाहेर काढला. तोवर अकरा जणी फुगल्या होत्या. गुरांच्या डॉक्टरांना फोन लागला, पण ते दोन तासांच्या वाटेवर होते. "खायचं तेल पाजा," ते म्हणाले. "हळूहळू पाजा, फुप्फुसात गेलं तर संपलं. आणि फोन चालू ठेवा."

भावजय स्वयंपाकघरातला तेलाचा डबा घेऊन धावत आली. भाऊ जबडा धरी, चुनेवाली बाटलीने घोट घोट तेल सोडी, भावजय कूस चोळी. दोन मेंढ्या तेल पोटात जायच्या आधीच दगावल्या. तिसरी आडवी झाली, तिची जीभ निळी पडली.

"आता सुरी," फोनमधून आवाज आला. "डावीकडे, शेवटच्या बरगडीच्या मागे, फुगवटा सगळ्यात उंच आहे तिथे. विचार करत बसू नका."

भावाने कमरेची सुरी काढली, पण पुढे होईना. सुरी तिनेच घेतली आणि डोळे उघडे ठेवून खुपसली. हिरवा फेस फसफसत तिच्या मनगटावर आला. मेंढीने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

डॉक्टर आले तेव्हा फुगलेल्या अकरांपैकी नऊ मेंढ्या उभ्या होत्या. त्यांनी जखम शिवली आणि नळावर हात धुतले.

भाऊ कुंपणाला टेकून बसला होता. "ताई, मला शिव्या दे, पण काहीतरी बोल."

शिव्या तिच्या ओठांवर आल्याही होत्या. पण रिकाम्या पोटी हा ओला चारा खाल्ला की मेंढी फुगते, हे साहेबांनी बी देतानाच बजावलं होतं, आणि ते तिने भावाला कधी सांगितलंच नव्हतं. रोज त्याला नुसतं "अजून नाही" ऐकवलं होतं. का नाही, हे सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला सांगायला हवं होतं."

तो कुंपण सोडून उठला.

"उद्या आधी वाळलं गवत विकत आणून पोटभर घालायचं. मग पंधरा मिनिटं आत सोडायच्या. परवा वीस."

"उद्या? परत ह्याच कुरणात?"

"दुसरं कुरण आहे का आपल्याकडे? बी धरेल तेवढं धरेल."

दुसऱ्या दिवशी दोघं फाटकाशी उभे राहिले. त्याची नजर घड्याळावर, तिची मेंढ्यांच्या डाव्या कुशींवर. ती पंधरा मिनिटं काही केल्या सरेनात. एकही मेंढी फुगली नाही. वेळ होताच भावाने त्या बाहेर काढल्या, फाटक लावलं, आणि तरीही दुपारपर्यंत दोघांपैकी कुणीच घरी जेवायला गेलं नाही.