बाहेरचे दोन फिकट ढग

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला घरातला विद्यार्थी नकोसा होतो, हे मी स्वतःवरून सांगते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले बाबा हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये शिरले होते. रेडिओ दुर्बिणीची चित्रं न्याहाळायची, वेगळं काही दिसलं तर ग्रुपवर टाकायचं. जो आधी टाकेल, शोध त्याच्या नावावर. एक तरी आपल्या नावावर लागावा, एवढीच त्यांची हाव. तात्यापारा या हिंदी मुलखातल्या मराठी वस्तीत, आमच्या घरात चहा गार व्हायचा आणि ते स्क्रीनला नाक लावून बसायचे.

एका रविवारी सकाळी हाक आली. "बाई, हे पाह्य. मधात दोन ठिपके, अन् बाहेर लांब दोन फिक्कट ढग. विझून पुन्हा पेटलेली आकाशगंगा दिसून राहिली मले."

अशा महाकाय आकाशगंगा असतात. मधल्या कृष्णविवरातून दोन्हीकडे झोत निघतात, लाखो प्रकाशवर्षं पसरतात आणि थांबतात. मग जुने ढग फिके पडत असतानाच मधून नवे झोत सुटतात. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

माझ्यासमोर पेपरांचा गठ्ठा होता. त्रासूनच उठले, माउस घेतला आणि सवयीप्रमाणे नॉइजच्या, म्हणजे चित्रातल्या निरर्थक खरखरीच्या, तिपटीहून फिकं ते सगळं झाकून टाकलं. चित्र स्वच्छ झालं. ढग गेले, ठिपके उरले.

"कुछ नहीं है बाबा, नॉइज है. ऐसे हजारों मिलते हैं. ग्रुप में मत डालना, लोग हँसेंगे."

त्या ग्रुपमध्ये मीही होते; हसतील ते मला, ही खरी भीती. चित्र जरा धूसर करून पाहिलं असतं तर ढग वर आले असते. दोन मिनिटांचं काम. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणी मी आणि बैल बाबांचा.

"हव, तुले जास्त समजते," म्हणाले आणि ग्रुपसाठी लिहिलेलं पुसून टाकलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कुणीतरी तीच आकाशगंगा ग्रुपवर टाकली. ग्रुपमधल्या तज्ज्ञांनी त्याच जागेचं दुसऱ्या दुर्बिणीने घेतलेलं चित्र शोधून पाहिलं. ढग तिथेही होते. बाबा शेजारच्या खोलीत होते. आता ओरडतील, निदान टोमणा तरी मारतील, म्हणून मी वाट पाहत बसले. बोलले असते तर मी सुटले असते.

ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "बहुत बढ़िया. बधाई हो."

उठून त्यांच्याकडे जायला, चुकलं माझं म्हणायला, दहा पावलं पुरली असती. मी बसल्या जागेवरून त्यांच्या मेसेजला अंगठा दिला.