गरम आलुबोंडा आणि सार्वजनिक नळ

आमच्या नगरपरिषदेच्या सभेत वादाचा विषय नेमका गरम आलुबोंडे आल्यावर निघायचा. आम्हा सदस्यांची तोंडं भरली, की अध्यक्ष ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून मोकळे. माझ्या शेजारच्या सदस्य बाई मात्र आपली प्लेट पदराखाली झाकून ठेवत आणि सभा संपल्यावर थंडगार बोंडा खात.

त्या दिवशी दुकानांच्या गाळ्यांसाठी बाईंच्या वॉर्डातला एकुलता एक सार्वजनिक नळ काढून टाकायचा ठराव होता. बाई ताडकन उभ्या राहिल्या.

“नामंजूर लिवा!”

“बाई, पहिले खाऊन तर घ्या,” अध्यक्ष हसले.

“मले खाऊन गप नाई बसाचं!” मग माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुमी काऊन गप? गिळा अन् बोला!”

मी अख्खा बोंडा गिळून ‘नामंजूर’ ओरडलो. घसा पोळला. पाठोपाठ आणखी हात वर गेले.

बाईंनी पिशवीतली बाटली माझ्यापुढे धरली. “प्या. त्याच नळाचं हाये.”