सिद्रामला आडवं करायचं नाही

माझी शेवटची पोस्टिंग हिमालयातल्या एका हिमनदीच्या पायथ्याशी होती. बेस कॅम्प म्हणजे पत्र्याच्या बराकी, एक हेलिपॅड आणि अष्टौप्रहर वारा. काम असं, की उन्हाळ्यात बर्फ जरा मवाळ झाला की टीम घेऊन वर चढायचं आणि एक विमान शोधायचं. विमान मालवाहू. सुट्टी संपवून ड्यूटीवर निघालेले जवान त्यात बसले होते. वाटेत हवामान बिघडलं, मागे फिरतोय असं वैमानिकाने कळवलं आणि त्यानंतर रेडिओ कायमचा गप्प झाला. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट.

हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, एवढं मोठं विमान सापडत कसं नाही? लातुरात विचारतात, उदगीरला विचारतात, सोयरिकीच्या बैठकीतही विचारतात. मुरुडच्या एका शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं, तिथल्या गुरुजींनी तर सांगितलं, शौर्यकथा होऊ द्या, पण पाच मिनिटांत आवरा, पुढे लेझीम आहे. मी दोन मिनिटांत आवरलं. आज इथे घाई नाही, म्हणून नीट सांगतो.

हिमनदी जागेवर बसत नाही. ती हळूहळू खाली सरकते आणि पोटात घेतलेलं पुढे कुठेतरी वर काढून टाकते. नांगरटीत जुनी खापरं वर येतात, तसं. यंदा जिथे शोधलं तिथे पुढच्या वर्षी काही नसतं. आम्ही दोराने एकमेकांना बांधून दिवसभर चालायचो, संध्याकाळी तंबूत स्टोव्ह पेटेना म्हणून त्याला शिव्या द्यायचो आणि सकाळी पुन्हा तेच. डोंगर पोखरून उंदीर काढणं ही नुसती म्हण आहे असं कुणाला वाटत असेल, तर मी ती करून पाहिलेली आहे. उंदीरसुद्धा निघत नसे. पत्र्याचा तुकडा निघायचा, एखादा बूट निघायचा.

त्या वर्षी मोहीम गुंडाळायची ऑर्डर आली होती. खाली उतरताना आमच्या एका नाईकाला बर्फाच्या कडेला हिरवट लोकरीचं कापड दिसलं. आम्ही कुऱ्हाडी टाकल्या आणि हातांनी, चमच्यांनी, मगांनी बर्फ खरवडू लागलो. दुपारपर्यंत माणूस मोकळा झाला. तो बसलेला होता. गुडघे पोटाशी, मान किंचित खाली, दोन्ही हात छातीशी. शेजारी कॅनव्हासच्या सीटचा फाटका पट्टा होता. चेहरा तरुण होता, मिशी काळीभोर होती. गळ्यात ओळखबिल्ला होता, त्यावर नंबर आणि नाव. नाव सिद्राम.

बिल्ल्याखाली जाड दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी होती. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, तंबाखूची असावी. डबी उघडायला गेलेला त्याचा हात मी धरला. ती डबी मी ओळखत होतो, कारण तशीच माझ्याही गळ्यात होती. तिच्यात इष्टलिंग असतं, रोज तळहातावर घेऊन पूजायचं. सिद्राम आमच्यातला होता, लिंगायत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. शेतात खड्डा खणून त्यात बसवतात, हातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेलाची पानं घालतात, मग माती लोटतात. माझे आजोबा, माझे वडील असेच बसलेले आहेत, शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या रानात. आजारी माणूस अंथरुणात आडवा गेला तर अंग ताठायच्या आत त्याला उठवून बसवायला घरात धावपळ होते. इथे तर माणूस आयताच बसलेला होता.

आणि नेमकं तेच आमच्या कॅप्टन साहेबांना अडचणीचं वाटत होतं. साहेब केरळचे, वयाने लहान, मनाने चांगले, पण नियमावर बोट ठेवणारे. स्ट्रेचर लांब, बॅग लांब, शवपेटी लांब. त्यांनी ऑर्डर दिली, बॉडी तंबूत घ्या, स्टोव्हच्या उबेने सैल करा आणि सरळ करा. ढग उतरत होते. हेलिकॉप्टर सकाळी एकदाच येणार होतं.

मी म्हणालो, "सर, त्याला सरळ करायचं नाही."

"का?"

मी कारण सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, भावना समजते, पण न्यायचं कसं? मी म्हणालो, आहे तसं. ते म्हणाले, नियमात बसत नाही. माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांची नोकरी, तोंडावर आलेली पेन्शन, सगळं बाजूला ठेवून मी म्हणालो, "सर, मग ऑर्डर मला लेखी द्या. याच्या घरच्यांना मी उत्तर देणार आहे, नियम नाही." साहेबांनी रेडिओ माझ्या हातात दिला. तुम्हीच सांगा खाली, म्हणाले.

खाली जो ऑपरेटर होता त्याला मी अजून विसरलो नाही.

"एक बॉडी. बसलेल्या स्थितीत. ओव्हर."

"से अगेन. जिवंत आहे का? ओव्हर."

"निगेटिव्ह. बसलेली बॉडी आहे. ओव्हर."

"बॉडी असेल तर बसलेली कशी? ओव्हर."

डोकं आपटायला तिथे दगडही नव्हता, सगळा बर्फ. शेवटी पलीकडे पायलट साहेब आले. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, रुंदी किती? मी हाताने मोजून सांगितली. ते म्हणाले, "मग मागच्या सीटवर बसवा. पट्टा बांधा. सुभेदार साहेब, तुम्ही शेजारी बसा. ओव्हर अँड आउट." अक्कल असलेला माणूस दोन-चार वाक्यांत काम करतो. सिद्राम असा खाली आला, पॅराशूटच्या कापडात गुंडाळलेला, पट्टा बांधून, माझ्या खांद्याला खांदा लावून. ते विमान त्याला जिथे नेत होतं तिथे पोचलं नाही, निदान हे तरी उतरलं असं मला वाटलं, आणि डोळे भरून आले. गॉगल होता म्हणून निभावलं.

बेसवर सुताराने चौकोनी पेटी केली, पुढून फळी निघेल अशी. गाव देवणी तालुक्यातलं निघालं. पोलीस पाटलांनी सांगितलं, आईबाप गेले, बायको आहे. शांतव्वा. पंच्याहत्तरीची. मूलबाळ नाही, पुतण्याकडे राहते. पुतण्याने फोन तिच्या कानाला लावला. मी काय घडलं ते सांगितलं. शांतव्वा म्हणाली, "आमच्या रानात सासऱ्याची समाधी हाय, सासूची हाय. सणाला समदे नारळ फोडून राहिले की मी नुसती उभी ऱ्हाते. मला जागाच न्हाई बाबा." मी म्हणालो, अव्वा, जागा होईल. मी घेऊन येतो.

विमानाने नांदेडपर्यंत आलो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. आता काळजी वेगळी होती. बर्फातून निघालेलं शरीर फार वेळ टिकत नाही. नांदेडला बर्फाच्या फॅक्टरीतून लाद्या घेऊन पेटीभोवती रचल्या. त्या पोस्टिंगभर ज्या बर्फाला शिव्या दिल्या, त्याच्यासाठी त्या दिवशी मी फॅक्टरीवाल्याच्या विनवण्या केल्या. तिथून ट्रक उदगीरमार्गे देवणीकडे.

गावाच्या वेशीवर मंडप होता. कमान, फ्लेक्स, डीजे. फ्लेक्सवर सिद्रामच्या जागी इंटरनेटवरून काढलेला कुणीतरी परका जवान, आणि त्याच्यापेक्षा मोठे फोटो स्वागत समितीचे. समिती बाहेरून आलेली. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी मोठ्या कौतुकाने मला चौथरा दाखवला. त्यावर लाकडं रचलेली होती, वर चंदनाचे तुकडे, बाजूला तुपाचे डबे.

मी म्हणालो, हे लिंगायत आहेत. जाळत नाहीत.

अण्णा म्हणाले, "टीव्हीवर तर समद्या शहिदांना अग्नीच देत्यात."

गावातल्या एकाही माणसाने त्यांना सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, एवढी मोठी माणसं करून राहिलीत, मधी कसं बोलावं? ही आपली जुनी खोड. स्वतःच्या घरातली रीत पाहुण्यासमोर सांगायला लाजायचं आणि मागे कुजबुजायचं. शिवाय मोठे पाहुणे यायचे होते, ते आल्याशिवाय काही करायचं नाही असा अण्णांचा निरोप. आणि पेटी चौकोनी आहे, फोटोत बरी दिसत नाही, लांब पेटी मागवली आहे, तेवढं बदलून घ्या. डीजे चालूच होता. ट्रकच्या फाळक्यातून पाणी ठिबकत होतं. आता त्याची धार लागली होती. मी अण्णांना म्हणालो, तासाभराने तुम्हाला पाहुणे मिळतील, पण शांतव्वाला नवरा पाहायला मिळणार नाही. अण्णा हसून म्हणाले, साहेब, जरा सबुरीनं.

तेवढ्यात गर्दीतून शांतव्वा पुढे आली. कृश बाई, पांढरे केस, पायात चप्पल नाही. तिने चौथऱ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे. मला विचारलं, बसलेले हायत ना? मी हो म्हणालो. ती अण्णांकडे वळली. आवाज चढवला नाही.

"आमचे मालक बसून आल्यात. बसूनच जातील. तुमची लाकडं घेऊन जावा."

डीजेवाल्याने न सांगता डीजे बंद केला. मग गावाला कंठ फुटला. चार जणांनी पेटीला खांदा दिला, पुतण्याने फावडी काढली, विधी करणारे स्वामी आले. समिती चौथऱ्यापाशीच राहिली. सासऱ्याच्या समाधीशेजारी जमीन काळी, खड्डा लवकर झाला. ट्रकसोबत आलेल्या आमच्या तुकडीने सलामी दिली, बिगुल वाजला, तिरंगा घडी करून मी शांतव्वाच्या हातात दिला.

त्या विमानातले बाकीचे अजून वर आहेत. कुणी पंजाबचा, कुणी बिहारचा, कुणाची आई वाट पाहून गेली. मी रिटायर झालो, टीम दरवर्षी चढते. सापडत कसे नाहीत असं मला कुणी विचारू नये. विचारायचंच असेल तर त्यांची नावं विचारा. मला सगळी पाठ आहेत.

सिद्रामला खड्ड्यात बसवलं, तेव्हा चेहऱ्यावरचं कापड काढायचं की नाही याची मलाच भीती वाटत होती. शांतव्वा म्हणाली, काढा. आधी तिने डोक्यावरचा पदर नीट पुढे ओढला. समोर विशीतला पोर होता आणि त्याच्यापुढे त्याच्या आजीच्या वयाची बायको पदर सावरत होती. खड्ड्याच्या काठावर बसून तिने हात लांब केला. त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं. ते तिने पदराने टिपलं, कपाळ टिपलं, मिशा टिपल्या. मग हळू म्हणाली, घरात बोलावं तसं, "लई गारठलाव. बसा आता. हितं ऊन हाय."