गळकी म्हणून सांगितलेली खोली

इस्पितळाच्या व्यवस्थापकाने एका बाळंतिणीला फसवले आणि कागदावर मात्र तीच दोषी ठरली. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या वर्षांत बरेच काही विसरलो, पण साठ सालच्या आसपासची श्रावणातली ही घटना आठवली की आजही माझे डोके तापते.

तेव्हा मी लोणावळ्याला होतो. रविवारी सकाळी व्यवस्थापक ठाण्यात आला. "काचेच्या पेटीतलं बाळ पळवलंय, फिर्याद घ्या," म्हणाला. सातव्या महिन्यात घरीच जन्मलेले, विजेच्या उबेवर ठेवलेले पाच दिवसांचे मूल. पळवणारी कोण, तर त्याचीच आई. भाजे गावाच्या वरच्या वाडीतली मजूर बाई.

"आज पाचवी ना त्याची. सटवाई पुजायला नेलं असणार. अडाणी लोक, दुसरं काय!"

मलाही ते पटले. स्टेशन डायरीत तशीच नोंद झाली.

आसपासच्या स्टेशनांवर विचारणा केली. तासाभरात मळवली स्टेशनच्या पॉइंटमनचा निरोप आला. सकाळच्या गाडीतून एक बाई उतरली होती. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले, तिकीट द्यायलाही हात बाहेर काढत नव्हती. मी जमादाराला घेऊन निघालो. इस्पितळातली नर्सबाई गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन स्वतःहून आमच्याबरोबर आली.

बाई झोपडीत चुलीपाशी टेकून बसली होती. बाळ उघड्या छातीशी, वरून लुगड्याचे तीन फेर. नर्सबाईने आत हात घालून पाहिले. "जिवंत आहे. पण लवकर निघा."

मी मात्र ओरडलोच. "पाचवीसाठी पोराचा जीव घेतेस काय?"

उत्तर सासूने दिले. "सायेब, सटवाईला लोणावळं म्हाईत न्हाई व्हय? आमी तितंच पडवीत पुजनार हुतो."

जमादाराने तोंड फिरवून हसू दाबले. मी आवाज खाली आणला. "मग आणलंस कशाला, बाई?"

"चार दिस पडवीत भिजले," ती बाळावरची नजर न काढता म्हणाली. "काल दूध आटलं. बाळाला द्यायला माझ्यापाशी दुसरं काय हाय? म्हनलं, ऊब तरी देईन."

"पडवीत का? आयांसाठी खोली आहे ना तिथं?"

"खोली गळती म्हनले. कुलूप घातलं हुतं."

ती खोली मला ठाऊक होती. कोणा दात्याने अशा बाळांच्या आयांसाठीच ती बांधून दिली होती. आईने तिथे निजावे, दर दोन तासांनी वाटीत दूध काढून द्यावे आणि नर्सने ते थेंब थेंब बाळाला पाजावे, अशी व्यवस्था होती.

बाळ पेटीत परत गेल्यावर मी इमारतीच्या मागे गेलो. खोली खडखडीत कोरडी होती. भुशीच्या धरणावर भिजून आलेल्या पाहुण्यांच्या विजारी दोरीवर वाळत होत्या. आत खाटेवर पत्त्यांचा डाव रंगला होता.

मी व्यवस्थापकाला तिथेच उभा केला.

"साहेब, विश्वस्तांचे पाहुणे आहेत. मी काय करू?"

"पंधरा मिनिटांत खोली रिकामी झाली पाहिजे. नाहीतर पंचनामा करतो. पाहुण्यांची नावं, विश्वस्तांचं नाव, सगळं डायरीत जाईल."

तो शांत झाला. "आणि रिकामी केली तर?"

"तर फिर्याद मागे घ्यायची. मीही खोलीबद्दल काही लिहिणार नाही."

दहा मिनिटांत विजारी उतरल्या. बाई कोरड्या खाटेवर निजली. सौदा चांगला जमला म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा दूध आले. नर्सबाईने नियम मोडून तिला पेटीपाशी नेले. पेटीच्या भोकातून बोट आत घालून ती बाळाच्या पायाला लावून बसायची. चौथ्या दिवशी सकाळी बाळ गेले.

इस्पितळाने अहवालात लिहिले: आईने अज्ञानाने बाळ उबेबाहेर नेले, त्यामुळे मृत्यू. मी तडक वरिष्ठांकडे गेलो, खोलीची सगळी हकीकत सांगितली.

त्यांनी एकच विचारले. "डायरीत नोंद कुठं आहे?"

नव्हती. मीच विकली होती ती. नर्सबाई जबाब द्यायला तयार होती, पण आठवड्यात तिची बदली झाली. मी आरडाओरडा केला, त्यावर मला समज मिळाली. दाते कायमचे दुखावतील म्हणे.

त्यानंतर कोणी कुठून पळाल्याची तक्रार आली की मी आधी विचारायचो, तो माणूस तिथे झोपत कुठे होता? पुष्कळ प्रकरणे त्या एका प्रश्नाने सुटली. पेटीतल्या बाळाची काळजी घेणारे सगळे असतात. त्याच्या आईने कुठे निजावे, हे कोणी बघत नाही. ती उपाशी राहिली, भिजली, तर पेटीतले बाळही उपाशीच राहते. हे कळायला वैद्यकी शिकावी लागत नाही.

माझी चूक मी इथे लिहिली आहे. पण खोली गळते असे व्यवस्थापकाकरवी त्या बाईला सांगणारे विश्वस्त अजून हयात आहेत आणि तो अहवालही कपाटात असणार. त्यांनी तो काढावा, मेलेल्या बाळाचा दोष आईच्या नावावरून खोडावा आणि तिथे कोणाचे नाव लिहायचे ते स्वतःच्या सहीने सांगावे. मी उत्तर मागतो आहे.