भाचीचं विमान

आता हसू नका, आधी चहा घ्या. निवडणुकीत लोक पैसे वाटून माणसं पाडतात, दारू पाजून पाडतात. मी माझी सख्खी भाची नुसत्या मायेने पाडली!

वैशाली माझ्या बहिणीची मुलगी. चोपड्याकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत शिकली, मग जळगाव, मग पुणे, आणि शेवटी बंगळूरला विमानं बनवायच्या कामाला लागली. वाऱ्यात मोडू नये म्हणून विमानाचा पंख कसा असावा, ते ही पोरगी ठरवायची. मी चौथी पास. एकदा तिला विचारलं, "पोरी, पंख फडफडतात का गं?"

"नाही मामा. फडफडले तर माझी नोकरी जाईल."

ती नोकरी तिने स्वतःच सोडली. तापी उशाशी आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी, हे तिला बघवेना. जिल्हा परिषदेला अपक्ष उभी राहिली. बहिणीने रडून घर डोक्यावर घेतलं. मी म्हणालो, "आपलं गाव माझ्याकडे. एक मत बाहेर जाणार नाही."

तिने अर्ज भरला त्याच दिवशी मी निघालो. मी हळू बोलणारा माणूस, मला भाषण कुठलं जमणार? दारोदार एवढंच सांगायचो, "आपल्या वैशूला मत द्या. विमानाचं बटण दाबा."

तुम्ही म्हणाल, चिन्ह मिळालं होतं का? नव्हतं हो! पण मागे आमच्या गावचा टेलर ग्रामपंचायतीला उभा होता, त्याला शिवणयंत्र मिळालं. मला वाटलं, ज्याचा जो धंदा, ते चिन्ह सरकार देतं. मग विमानवालीला काय देणार? बैलगाडी?

बायकांनी अंगणात विमानाच्या रांगोळ्या काढल्या. मी तर वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं विमान करून घेतलं आणि गच्चीवर बसवलं. वैशाली तेव्हा दुसऱ्या गावांत फिरत होती. म्हटलं, आली की खूश होईल.

मग तिचा फोन आला. "मामा, कपबशी मिळाली."

"कोणाला?"

"मला! विमान मी मागितलं होतं, पण दोघांनी मागितलं. चिठ्ठी काढली, त्यात ते शेजारच्या गावच्या म्हशींच्या व्यापाऱ्याला गेलं."

जो भुसावळच्या पुढे कधी गेला नाही, त्याला विमान! मी ओट्यावर मटकन बसलो. गावातला घोळ तिला न सांगताच फोन ठेवला. म्हटलं, आपणच निस्तरू.

पहिलं घर सीताअक्काचं. माझ्याहून मोठी, अख्ख्या गल्लीची मतं तिच्या शब्दावर.

"अक्का, विमान नको. कपबशी दाब."

अक्काने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काय रे भाऊ, त्या म्हशीवालानी तुले फोडं का?"

"नाही अक्का, चिन्हच वेगळं..."

"आम्हले बठ्ठं समजस! सख्खी भाची शे तुनी, जरा लाज वाटू दे. आमनं मत विमानलेच!"

झालं! नाना फुटला, म्हणजे मीच, ही बातमी गावभर. म्हशीवाल्याने मला दुभती म्हैस दिली म्हणे. लोक येताजाता माझ्या गोठ्यात डोकावू लागले! मी जितक्या शपथा घ्यायचो, तितकं गाव विमानाला घट्ट धरायचं. "मामा विकला गेला, तरी पोरीला आम्ही आहोत," असं म्हणून बायका डोळे पुसायच्या. काय ते प्रेम! आणि सगळं दुसऱ्याच्या बटणावर!

गच्चीवरच्या विमानावर मी पोतं टाकलं. सकाळी पाहतो तर पोतं खाली आणि विमानाला झेंडूचा हार!

शेवटी वैशालीच कपबशीची पत्रकं घेऊन गावात आली. ते विमान तिने पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. मग हात जोडत घरोघर फिरली. शिकलेल्या पोरांना पटलं. म्हातारी मंडळी मात्र तिला डोळा मारून म्हणाली, "समजलं ताई, समजलं. विरोधकांना चकवायला असं बोलावंच लागतं."

निकाल लागला. म्हशीवाला निवडून आला, आणि तो आमच्याच गावच्या मतांवर. गुलाल उधळत मिरवणूक थेट माझ्या दारात! गडी माझ्या पाया पडला, गळ्यात हार घातला. "नाना, तुमच्या गावात माझं कोणी नव्हतं. एवढं काम तर माझ्या सख्ख्या भावानेही केलं नाही!"

वैशाली दारातच उभी होती. मिरवणूक गेल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. हारातली फुलं तोडत म्हणाली, "जाऊ द्या मामा. पाण्यासाठी त्याच्याच मागे लागू आता. पण एक खरं सांगा, निदान तुमचं मत तरी मला पडलं ना?"

आता काय सांगू? त्या मशीनसमोर उभा राहिलो, तेव्हा घोकत आलो होतो, कपबशी, कपबशी. पण विमान दिसलं, आणि पोरीचा चेहराच डोळ्यांपुढे आला. डोळे भरून आले. बोट कधी टेकलं, तेच कळलं नाही. शिट्टी वाजली तेव्हा भानावर आलो.

म्हणालो, "पोरी, मत मी तुलाच दिलं गं. मशीनला तेवढं कळलं नाही."